इंजिनाचा सालदार

मे महिन्यातली दुपार. नागपूरहून निघालेली गाडी दोन तास दामटून नांदगाव पेठच्या टोलनाक्याशी येऊन थांबते. अमरावती आता हाकेच्या अंतरावर. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आत एसी पूर्ण सोडलेला, पुढे चार ट्रक उभे. इंजिन जागच्या जागी गुरगुरतंय. तेवढ्यात स्टिअरिंगमागे एक लाल दिवा लुकलुकतो. चालक पायाला जरा जोर देतो, दिवा विझतो. पाय काढला की पुन्हा लुकलुक. ‘वायर ढिली असेल,’ असं म्हणत फाटक उघडताच तो पुढे निघतो.

वायर खरोखर ढिली असूही शकते. पण हा दिवा महामार्गावर शंभरच्या वेगात गप्प का होता आणि टोलनाक्यावर उभं राहिल्यावरच का बोलला, हे समजायचं तर इंजिनाच्या पोटात, तेलाच्या पंपापर्यंत जावं लागतं. हा पंप गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत बहुतेक मालकांच्या नजरेस एकदाही पडत नाही. वऱ्हाडात शेतावर वर्षाच्या बोलीनं राहणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. तेलाचा पंप हा इंजिनाचा सालदार आहे. चावी फिरली की सगळ्यांच्या आधी कामाला लागतो, शेवटी थांबतो, आणि काही बिघडलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. पुष्कळदा चुकीनं.

आधी त्या दिव्यावरचं चित्र बघा. लांब चोचीची झारी आणि चोचीच्या टोकाशी एक थेंब. आजच्या मोटारीत अशी झारी कुठेच नसते. ती आली वाफेच्या यंत्रांच्या काळातून. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला वऱ्हाडातल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत धावलं. वाफेच्या इंजिनाचा माणूस स्टेशनात गाडी थांबली की तसलीच झारी घेऊन खाली उतरे आणि सांध्यासांध्यांत तेल सोडी. त्याच्याही आधी आपल्याकडे बंडी होती. बंडीच्या आसाला ओंगण लागे, म्हणजे एरंडीच्या तेलात मुरलेल्या चिंध्यांचा बोळा. चाक करकरायला लागलं की ओंगण संपलं हे बैलामागं बसलेल्या पोरालाही कळे. मोटारीनं ही सोय काढून घेतली. तिचं चाक करकरत नाही, आणि इंजिन करकरायला लागतं तेव्हा ओंगणाची वेळ निघून गेलेली असते.

तेल नेमकं करतं काय, हे माणसाला फार उशिरा कळलं. १८८३ साली लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसावरची बेअरिंग तपासत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल ओतायचं भोक असे, तसं त्यानंही पाडलं. आस फिरू लागला आणि भोकातून तेल आत जायच्या ऐवजी वर यायला लागलं. त्यानं भोकात बूच ठोकलं, ते बाहेर फेकलं गेलं. मग तिथं दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. आसावरचा भार सगळीकडे सारखा वाटून घेतला तर जितका दाब भरला असता, त्याच्या दुपटीहून जास्त. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं आपल्या खाली ओढून घेतो आणि त्या पाचरीवर तरंगतो, हे त्या बुचानं सांगितलं. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. आजच्या प्रत्येक इंजिनातली क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो आस, त्याच गणितावर तरंगते.

क्रँक आणि तिचं बेअरिंग यांच्यातली फट साधारण तीन ते पाच शतांश मिलिमीटर. माणसाचा केस त्याहून जाड असतो. एवढ्याशा फटीत तेलाचा पापुद्रा असतो, आणि पेट्रोल किंवा डिझेल पेटल्यावर पिस्टनमागून येणारा धक्का तो पापुद्रा झेलतो. त्या क्षणी पापुद्र्यातला दाब शेकडो बारपर्यंत चढतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). पंप मात्र देतो तीन-चार बार. मग क्रँकला उचलून कोण धरतं? ती स्वतःच, फिरण्याच्या जोरावर. पंपाचं काम असतं फटीच्या कडांमधून गळून गेलेल्या तेलाची जागा क्षणाक्षणाला भरून काढायची आणि तिथली उष्णता वाहून न्यायची. पुरवठा थांबला की काही सेकंदांत पापुद्रा फाटतो, धातूला धातू भिडतो, आणि मिस्त्री ज्याला ‘इंजिन सीज झालं’ म्हणतात ते घडतं.

सुरुवातीच्या मोटारी पंपावाचूनही चालल्या. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तेलाचा पंपच नव्हता. गरगरणारं फ्लायव्हील तेल उडवी, थोडं तेल एका नळीतून इंजिनाच्या पुढच्या टोकाला जाई आणि तिथून मागे वाहत येई. सपाटीला हे ठीक. लांब चढाला सगळं तेल मागं जमायचं आणि पुढच्या बेअरिंगची उपासमार व्हायची. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना आपली गाडी बिनतक्रार जाते, त्याचं श्रेय या न दिसणाऱ्या सालदाराला आहे.

पंपाची रचना साधी आहे, मात्र पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचा एक घोटाळा होतो. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं एका घट्ट डबीत फिरतात. हे ऐकलं की डोळ्यांसमोर रसवंती येते. दोन लाटांच्या मधून ऊस जातो, तसं दोन चाकांच्या मधून तेल जात असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. तेल दोन्ही चाकांच्या बाहेरच्या अंगानं जातं. दात आणि डबीची भिंत यांच्यामध्ये जी खोबण उरते, तिच्यात बसून ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोचतं. मधे, जिथं दात दातांत बसतात, तिथं तेलाला परत फिरायला जागाच नसते. तिथून रस निघत नाही, तिथं दार बंद असतं. ग्रहांच्या कक्षांचे नियम शोधणाऱ्या योहान्नेस केप्लरनं खाणीतलं पाणी उपसायला असा पंप योजला होता. तेव्हा पेट्रोल, मोटार, टोलनाका, काहीच नव्हतं.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत याचं धाकटं भावंड असतं. चाकात चाक. आतल्या फुलाला चार पाकळ्या असतील तर बाहेरच्या कड्याला पाच खाचा. दोन्ही एका दिशेनं फिरतात, पण एका खाचेचा फरक असल्यामुळे त्यांच्यातली पोकळी एका बाजूला फुगत जाते आणि दुसऱ्या बाजूला मिटत जाते. फुगते तिथं तेल ओढलं जातं, मिटते तिथून ढकललं जातं. हा पंप बहुधा क्रँकच्या पुढच्या नाकावरच बसवलेला असतो, काही गाड्यांत खाली, तेल साठतं त्या चेंबरमध्ये, साखळीवर चालतो. जागा कुठलीही असो, हुकूम क्रँकचा. क्रँक जोरात तर पंप जोरात, क्रँक रेंगाळली तर पंपही रेंगाळला. अगदी नव्या काही इंजिनांत पंप किती तेल देईल हे संगणक ठरवतो, पण वऱ्हाडातल्या रस्त्यांवर अजून जुन्या पद्धतीच्याच गाड्या जास्त.

टोलनाक्यावरच्या दिव्याचं अर्धं उत्तर इथं मिळालं. उरलेलं अर्धं तेलात आहे. १५ डब्ल्यू ४० या नेहमीच्या तेलाचा दाटपणा चाळीस अंशांना जेवढा असतो, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढाच तो शंभर अंशांना उरतो. दोन तास दामटलेल्या इंजिनात तेल तापून पातळ झालेलं, वरून मे महिना, आणि क्रँक मिनिटाला जेमतेम आठशे फेऱ्यांवर. पंप सर्वांत कमी तेल देतो ती घडी आणि तेल सर्वांत सहज गळून जातं ती घडी एकच. निरोगी इंजिनातही या वेळी दाब बारभरावर येतो. मात्र दिव्याचा स्विच साधारण तीन ते पाच दशांश बारला पेटतो. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. धावत्या गाडीत तीन-चार बार असायला हवा असलेला दाब एकवर घसरला तरी दिवा गप्पच राहतो. जुन्या जिपांना काट्याचा दाबमापक असे, काटा हळूहळू उतरताना दिसे. तो काढून कंपन्यांनी दिवा बसवला, यात मालकाचं नुकसानच झालं असं माझं मत आहे. आणखी एक. लाल झारी तेलाची पातळी सांगत नाही, दाब सांगते. पातळी सांगणारा दिवा काही गाड्यांत वेगळा, पिवळा असतो. बाकीच्यांना तेल मोजायची काडी काढून बघण्याला पर्याय नाही.

दाब कमी म्हणजे पंप गेला, हा समज गॅरेजपासून घरापर्यंत सगळीकडे आहे. वरूड-मोर्शीच्या संत्राबागायतदाराला यातली चूक समजवायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. बागेत ठिबक टाकलंय, मोटर ठणठणीत आहे, पण उंदरांनी चार-सहा ठिकाणी नळ्या कुरतडल्या. शेवटच्या झाडाशी पाणी पोचत नाही, मापकावर दाब नाही. मोटर बदलून काय होणार? मोटर पाणी ढकलते, दाब तयार होतो तो नळ्यांनी अडवल्यामुळे. इंजिनातही तसंच. पंप तेल ढकलतो, बारीक फटी ते अडवतात, तेव्हा कुठे दाब भरतो. लाखभर किलोमीटर पळून बेअरिंगांच्या फटी रुंदावल्या की त्या कुरतडलेल्या नळ्या झाल्या. अशा इंजिनात नवा पंप बसवला तर काटा थोडा चढतो, दिवा महिनाभर विझतो आणि आजार तिथंच राहतो. मूळ काम क्रँकचं असतं. त्याला जास्त पैसे लागतात, म्हणून ते कुणाला ऐकायचं नसतं.

नळ्या शाबूत आणि विहीरच आटली, अशीही वेळ येते. पंपाच्या मागच्या बाजूला एक नळी असते, तिच्या टोकाला जाळी, आणि ती चेंबरच्या तळापासून बोटभरही उंच नसते. वऱ्हाडातल्या गाड्यांचं खरं दुखणं इथं आहे. काळ्या मातीतला पांदण रस्ता पावसाळ्यात ट्रॅक्टरांच्या चाकांनी खोल चिरला जातो. दिवाळीनंतर तो वाळतो आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा दगडासारखा होतो. कापूस वेचायला बायकांना शेतावर सोडायला निघालेल्या कारचं पोट त्यावर घासतं. चेंबर फुटलं तर एका परीनं बरं, तेल गळताना दिसतं. नुसतं आत दबलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. पत्रा जाळीला जाऊन टेकतो, तेल ओढायला वाट उरत नाही, आणि काडीवर पातळी मात्र भरपूर दिसते. गावागावांतल्या बेहिशेबी गतिरोधकांचाही यात वाटा आहेच.

जाळी तुंबायची कारणं आणखी आहेत. मुदत उलटून गेलेलं तेल काळं, चिकट होत जातं आणि त्याचा गाळ जाळीवर साय धरावी तसा बसतो. रोज दोन-तीन किलोमीटर चालून बंद होणाऱ्या गाडीत हे लवकर होतं, कारण इंजिन नीट तापत नाही आणि आत जमलेला ओलावा उडून जात नाही. दुसरं कारण मिस्त्रीच्या हातचं. चेंबर उतरवून परत बसवताना सिलिकॉनचा लेप जरुरीपेक्षा जाड लावला तर बोल्ट आवळताना तो आतल्या बाजूलाही फुगून येतो. त्याचे तुकडे सुटतात आणि जाळीत जाऊन बसतात. बाहेरून जोड सुबक दिसतो.

इथं पंपाची एक अन्यायाची गोष्ट सांगायला हवी. इंजिनात तेलाला फिल्टर असतो, पण तो पंपाच्या पुढे. पंपानं ढकललेलं तेल फिल्टरमधून जातं, मग क्रँकला, कॅमशाफ्टला, असेल तर टर्बोला. म्हणजे सगळ्या इंजिनाला गाळलेलं तेल मिळतं आणि गाळ उपसणाऱ्याला न गाळलेलं. जाळी मोठे तुकडे अडवते, बारीक कचरा थेट त्याच्या दातांत येतो. एअर फिल्टर फाटका असेल तर उन्हाळ्यातली धूळ पिस्टनच्या रिंगांमधून तेलात उतरते आणि पॉलिश पेपरसारखी पंपाची डबी घासत राहते. पंपाच्या निगेची पहिली पायरी एअर फिल्टर आहे, हे म्हणूनच.

पंपाच्या अंगात आणखी एक छोटा पहारेकरी असतो, स्प्रिंगवर बसलेला वॉल्व्ह. वेगात दाब फार चढला तर तो उघडतो आणि जादा तेल मागं सोडतो. कचऱ्याचा कण अडकून तो उघडाच राहिला तर पंप चांगला असूनही दाब भरत नाही. बंद अडकला तर थंड सकाळी दाट तेलाचा दाब इतका चढतो की फिल्टरचा डबा फुगतो किंवा त्याचं रबर सटकतं. दहापैकी किती वेळा हा वॉल्व्ह दोषी असतो ते मी सांगू शकणार नाही. तो काढून पुसून परत बसवायला फार वेळ लागत नाही, एवढं खरं.

अमरावतीच्या एका मिस्त्रीनं सीज झालेलं इंजिन उघडून ठेवलं होतं. मालक कपाळाला हात लावून शेजारी उभा. त्यानं विचारलं, पंप गेला ना? मिस्त्रीनं काळी झालेली जाळी त्याच्यापुढं धरली. “पंपाले काई नाई झालं, भाऊ. त्याले तेलच नाई भेटलं. दिवा लागल्यावर गाडी काहून चालवली?” मालकाकडे उत्तर होतं: घर जवळ आलं होतं.

तेव्हा दिवा लागला तर काय करायचं? धावत्या गाडीत लागला असेल तर मैल-दोन मैल पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटं तेल खाली उतरू द्या. सपाट जागी काडी काढून पुसा, परत घाला, परत काढा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर योग्य तेल भरा आणि गळती कुठं आहे ते आधी वाकून बघा. तेल भरून इंजिन सुरू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझला तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येईल. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल तर चावीला हात लावायचा नाही, गाडी ओढून न्यायची. टोइंगचे पैसे जिवावर येतात, पण फुल इंजिनच्या कामापुढे ते किरकोळच.

टोलनाक्यावरच्यासारखी नुसती लुकलुक असेल, वेगात दिवा येत नसेल, तरी दोन-तीन दिवसांत दाखवा. गॅरेजमध्ये कामाचा क्रम आधीच ठरवून घ्या, नाहीतर उलट्या टोकानं सुरुवात होते. आधी तेल कुठलं आहे आणि कधीचं. मग दिव्याचा स्विच, तो स्वस्त असतो आणि खराबही होतो. मग स्विच काढून त्याच जागी काट्याचा मापक लावायचा. इंजिन पूर्ण तापवून जागेवर आणि दोन-अडीच हजार फेऱ्यांना दाब किती भरतो ते बघायचं. हे पाच मिनिटांचं काम न करता पंप बदला म्हणणाऱ्या मिस्त्रीपासून दूर राहावं. काटा खरोखर कमी दाखवत असेल तरच चेंबर उतरवायचं. जाळी, नळीचं रबरी कडं, वॉल्व्ह, आणि शेवटी पंपाची झाकणी काढून आतली झीज फिलर गेजनं मोजायची. नळीचं ते कडं वाळून चिरलं असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि काटा थरथरतो. जुना फिल्टर कापून बघायलाही सांगा. घड्यांमध्ये चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजतंय, पंपावर खर्च करून उपयोग नाही.

पंप उघडला किंवा नवा बसवला तर तो कोरडा ठेवू नये. कोरडी चाकं नुसती हवा फिरवतात, तेल वर ओढत नाहीत, आणि तेवढ्यात बेअरिंगं कोरडी चालतात. बसवण्याआधी त्यात तेल भरायचं, आणि पहिल्यांदा इंजिन पेटू न देता, इंधन तोडून, थोडा थोडा वेळ स्टार्टर मारायचा. काट्यावर दाब दिसला की मग गाडी सुरू करायची. घाईच्या गॅरेजमध्ये हे टाळलं जातं.

तेलाविषयी थोडक्यात. गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिला आहे तोच घ्या. उन्हाळा कडक म्हणून दाट तेल घालायचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. पुस्तकानं गरम हवेसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो जरूर घ्यावा, पण केवळ दिवा विझवायला दाट तेल घालणं म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर फोडणं. पातळी वरच्या खुणेपेक्षा जास्तही नको. क्रँक तेलात आपटून फेस करते, आणि फेस पंपाला ढकलता येत नाही. मुदत किलोमीटरची आणि महिन्यांची अशी दोन्ही असते, आधी येईल ती पाळायची. धुळीच्या, कच्च्या वाटेवरची किंवा थोड्या थोड्या अंतराची गाडी असेल तर पुस्तकातच ‘खडतर वापर’ म्हणून आखूड मुदत दिलेली असते, ते पान आपल्याकडे कुणी वाचत नाही. तेल बदलून झाल्यावर रिकाम्या कॅनला खिळा मारून भोक पाडा. चांगल्या नावाच्या रिकाम्या कॅनमध्ये भेसळीचं तेल भरून विकणारे असतात, त्यांना तुमचा कॅन मिळायला नको.

आणि पंप बदलायची वेळ आलीच, तर जुना पंप आणि जाळी दोन्ही मागून घ्या. जाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नव्या पंपाचे पैसे देऊ नका.